आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आईवडिलांच्या म्हणी आणि आपली मुलं

माणदेशी

परवा रात्री लेकीचा गणिताचा अभ्यास घेत होतो. ती चौथीत आहे. पाढे धड पाठ नाहीत आणि भागाकार जमत नाही म्हणून डोळ्यांत पाणी. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "अगं, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "बाबा, आड म्हणजे काय? आणि पोहरा?"

माझं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. आमच्या परसात आड होता. आड म्हणजे विहीर नव्हे. विहीर ऐसपैस, तिला पायऱ्या, तिच्यावर मोट चालायची, पोरं तिच्यात पोहायला शिकायची. आड अरुंद, नळीसारखा सरळ खाली गेलेला. वर लाकडी रहाट आणि दोराच्या टोकाला पोहरा. आमचा सगळा मुलूख पर्जन्यछायेतला. होळी झाली की आडाचं पाणी तळाला जायचं. एरवी पोहरा पाण्यात पडला की 'डुबुक' व्हायचं, त्या दिवसांत मात्र खालच्या दगडावर आपटल्याचा 'खण्ण' असा आवाज यायचा. आई मग दोर तसाच हातात धरून उभी राहायची, झऱ्यातून पाणी जमेपर्यंत. वर यायचा तो अर्धा पोहरा, तोही गढूळ.

सहावीच्या सहामाहीत मी दोन विषयांत नापास झालो. वडिलांनी हात उगारला नाही. प्रगतिपुस्तकावर सही करताना ही म्हण फक्त एकदा म्हणाले. मला तो 'खण्ण' ऐकू आला. त्या वर्षी मी दुसऱ्या कुणाचंही बोलणं इतकं मनावर घेतलं नव्हतं.

लेकीला हे सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे टाकीत नाही तर नळात कुठून येणार, तसंच ना?" आम्ही पुण्यात राहतो. सोसायटीत दर उन्हाळ्यात टँकर येतात. टाकी रिकामी झाल्याचा निरोप वॉचमनकाका घेऊन येतात, तो दिवस तिच्या चांगला ओळखीचा आहे. तिला म्हण कळली याचा आनंद झाला, आणि आड तिच्या बोलण्यातून गेला म्हणून पोटात कालवलंही.

म्हणून हा धागा. तुमच्या घरात कोणती म्हण होती, कोणी म्हटली, कोणत्या वेळी, आणि तुम्ही ती पुढं दिलीत का? नुसती यादी नको. याद्या शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात आहेत. माझं मत असं की म्हण शिकवते ती तिच्यातल्या वस्तूच्या आणि ती म्हणणाऱ्या माणसाच्या बळावर. दोन्ही नसतील तर मुलाला ती फक्त टोमण्यासारखी लागते.

ताकभात

आमच्या आईची ठरलेली म्हण: "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

दहावीत होतो. चाळीत दोन खोल्या सोडून एक शिक्षक राहायचे. भूमितीतलं एक प्रमेय अडलं होतं म्हणून त्यांच्याकडे गेलो, क्रिकेटवर तासभर बोललो आणि तसाच परत आलो. आईनं ही म्हण ऐकवली आणि वही हातात देऊन पुन्हा पाठवलं. त्यांनी दहा मिनिटांत समजावून दिलं.

पूर्वी ताक कुणी विकत नसे. लोणी काढून झालं की उरलेलं ताक मागेल त्याला द्यायचं. पण फुकट मागायचं म्हणजे संकोच वाटणारच. म्हणून भांडं पदराआड. माझ्या मुलाला ताक ठाऊक आहे ते पिशवीतलं. त्यानं विचारलं, "पैसे देऊन आणायचं तर लाज कसली?" तेव्हा शेजाऱ्याकडे ताक मागायला जाण्याची सगळी गोष्ट त्याला सांगावी लागली. आता तो नोकरीला लागला आहे. गेल्या महिन्यात घरी आला आणि पायातले बूट काढता काढता म्हणाला, "आज साहेबांपुढे भांडं लपवलं नाही." पगारवाढ मागून आला होता. किती मिळाली हे मी त्या दिवशी विचारलंसुद्धा नाही.

शब्दवेडा

धागा आवडला. माझ्याकडून एक भर.

"प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे" ही ओळ आपल्यापैकी बहुतेकांनी वडिलांच्या किंवा गुरुजींच्या तोंडून ऐकली असेल. चिकाटी सोडू नकोस, एवढाच तिचा अर्थ मुलांना सांगितला जातो. ती मुळात वामन पंडितांची. भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचं त्यांनी केलेलं मराठी रूप. पूर्ण श्लोक वाचला तर रोख निराळाच निघतो. वाळूतून एक वेळ तेल निघेल, मृगजळानं तहान भागेल, रानात भटकताना सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाचं मन वळवता येणार नाही, असं कवी म्हणतो. म्हणजे वाळूचं तेल हे तिथं अशक्य गोष्टीचं उदाहरण आहे. आपण पहिली ओळ तेवढी उचलली आणि तिला उमेदीची म्हण करून टाकलं.

मला ही दिशाभूल वाटते. मुलांना आपण अर्ध्या वाक्यावर वाढवतो आहोत. पूर्ण श्लोक सांगावा आणि मग मुलांनाच ठरवू द्यावं.

माणदेशी

शब्दवेडा, पुढच्या ओळी मला खरंच माहीत नव्हत्या, आभार. दिशाभूल हा शब्द मात्र मला पटला नाही. माझ्या वडिलांनी ती ओळ बांधावर उभं राहून म्हटलेली आहे, दुबार पेरणीच्या वेळी. पहिली पेरणी वाया गेलेली, बियाणं उसनवारीनं आणलेलं. त्या माणसाला त्या घटकेला अर्धीच ओळ हवी होती. ज्याला जेवढी कामाची तेवढी त्यानं ठेवली. माझ्या मते लोकांनी ती अशी आपली करून घेतली, आणि आता ती तेवढीच वामन पंडितांची राहिलेली नाही.

भीमाकाठ

माझं वय साठीच्या पुढं आहे, सोलापूर जिल्ह्यातला आहे. १९७२च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आईवडील दोघंही पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, आई ती पदरात बांधून आणायची. रेशनवर लाल मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिच्या भाकरीला ना चव, ना ती धड थापली जायची.

आम्ही पाच भावंडं. संध्याकाळी एक भाकरी मोडताना आई म्हणायची, "एक तीळ सात जणांनी वाटून खावा." आम्ही पाच आणि ते दोघं, बरोबर सात. मला कितीतरी वर्षं वाटायचं की ही म्हण आमच्याच घरावरून केलेली आहे. आई सगळ्यात शेवटी घ्यायची. तिच्या वाट्याला काय उरतं हे तेव्हा आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही. आता ते आठवलं की जेवण जात नाही.

"पानात टाकायचं नाही" हा आमच्या घरचा कायदाच होता. मी तो माझ्या मुलांनाही लावला, जरा जास्तच कडक लावला. पोट भरलं तरी पान स्वच्छ होईपर्यंत उठू दिलं नाही. धाकटा एकदा ओकला, तरी मी बदललो नाही. नातवाच्या वेळी सुनेनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, टाकायचं नाही हे खरंच आहे. पण मग आधी थोडं वाढूया, लागलं तर तो मागेल." इतकी साधी गोष्ट मला पंचवीस वर्षांत सुचली नव्हती. आमच्या घरात तेव्हा पुन्हा मागायला काही नसायचंच, म्हणून सुचली नसेल. आता नातू एक पळी भात घेतो, पुन्हा एक पळी मागतो, आणि पान लख्ख असतं.

अबोली

भीमाकाठ, तुमच्या आईंचं वाचून बराच वेळ काही लिहवेना.

मला एक वेगळं मांडायचं आहे. काही म्हणी एकाच घरात फक्त मुलींना सांगितल्या जातात. आमच्याकडे होती "महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती." तुकोबांचा अभंग आहे हा, "लहानपण दे गा देवा" यातला. देवापुढं स्वतःसाठी मागितलेलं लहानपण आहे ते. आमच्या घरात त्याचा अर्थ झाला, सासरी वाकून राहा. लग्नाच्या आदल्या रात्री काकूनं सांगितलं, नंतर प्रत्येक फोनवर आईनं सांगितलं. माझ्या भावाला ही ओळ कधीही कुणीही सांगितली नाही. त्याला सांगितलं गेलं, "शेरास सव्वाशेर हो."

मी सांगलीची. २०१९च्या ऑगस्टमधला पूर ओसरल्यावर आम्ही कृष्णेच्या काठावर गेलो होतो. झाडं उन्मळून पडली होती, आणि लव्हाळं खरंच जागेवर होतं. पण कसं होतं? आडवं झालेलं, गाळानं माखलेलं, चिंध्या आणि प्लास्टिक अडकलेलं. वाचलं होतं हे खरं. मी तिथं उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की वाचणं एवढंच मला नको आहे.

तो अभंग मला आजही प्रिय आहे, मी तो गाते. पण मुलीला शिकवण म्हणून देत नाही. मी तिला देते "कर नाही त्याला डर कशाला." ती आता तेरा वर्षांची आहे आणि माझ्याशी सरळ डोळ्यांत बघून बोलते. कधी कधी मला त्याचा त्रास होतो, पण मी तो सोसते.

ताकभात

अबोली, +१. "पदरी पडलं आणि पवित्र झालं" ही त्यातलीच. माझ्या बहिणीला ती इतकी ऐकवली की शेवटी तिनं माहेरी काही सांगणंच बंद केलं.

जास्वंद

आमचं घर रत्नागिरीकडचं. म्हण म्हणावी की नाही ठाऊक नाही, पण आमच्या घरात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं, "असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते." घर आपलं बोलणं ऐकत असतं आणि 'तसंच होवो' म्हणतं. म्हणून अभद्र बोलायचं नाही, तिन्हीसांजेला तर मुळीच नाही.

त्यातून एक आख्खी भाषाच तयार झालेली होती. डब्यातले तांदूळ कधी 'संपायचे' नाहीत, ते 'वाढायचे'. बांगडी फुटायची नाही, वाढवायची. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. घरातून निघताना 'जाते' नाही, 'येते'. मी लहान असताना वाण्याकडे जाऊन "आमच्याकडचे तांदूळ वाढले, दोन किलो द्या" असं म्हटलं होतं. त्यांनी काही न विचारता मोजून दिले, कारण त्यांच्याही घरात तसंच बोलत. शब्दाला वजन असतं, तो तोंडातून जपून काढावा, हे मी कोणत्याही पुस्तकातून शिकले नाही, या बोलण्यातून शिकले.

पण त्याची दुसरी बाजूही लिहिते. बाबांना कर्करोग झाला तेव्हा तीन महिने आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. "पोटाचं दुखणं" म्हणायचे सगळे. बाबांना सगळं कळत होतं. त्यांना काय सांगायचं होतं, कुणाला काय द्यायचं होतं, कशाची भीती वाटत होती, हे बोलायला आम्ही त्यांना जागाच ठेवली नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांनीच आईला हाक मारली, म्हणाले, "वास्तू काय म्हणायचं ते म्हणू दे, तू बस इथं." त्या दुपारी दोघं दार लावून बोलत होते.

माझ्या मुलांना मी अजूनही 'तांदूळ वाढले' म्हणायला शिकवते. आजारपणाबद्दल मात्र स्पष्ट बोलते.

सीमाभाग

बेळगावहून. आमच्या वाड्यात निम्मी बिऱ्हाडं मराठी, निम्मी कानडी. माझी आई म्हणायची "अंथरूण पाहून पाय पसरावे", आणि शेजारच्या अक्का आपल्या मुलाला म्हणायच्या "हासिगे इद्दष्टु कालु चाचु". अर्थ शब्दाला शब्द तोच. मी आणि तो मुलगा एकाच दिवशी सायकल मागत होतो. दोन घरांतून दोन भाषांत एकच नकार आला. शेवटी दोघांच्या वडिलांनी मिळून एक जुनी सायकल घेतली, एक दिवस त्याची, एक दिवस माझी.

नेकारकाठ

सीमाभाग, गंमत म्हणजे हीच म्हण इथं जर्मनीतही आहे. फक्त इथं अंथरुणाऐवजी पांघरूण. पांघरूण असेल तेवढंच अंग ताणावं, असं म्हणतात. थंड मुलुखात पांघरूण तोकडं पडण्याची भीती जास्त, म्हणून असेल. मुलाच्या शाळेतल्या बाईंनी ती सांगितली तेव्हा तो घरी येऊन म्हणाला, "आजीचीच म्हण आहे, पण वरच्या बाजूनं."

त्याच्या मराठीत म्हणी फार थोड्या आहेत, जेमतेम बारा-पंधरा. सगळ्या व्हिडिओ कॉलवर आजीकडून आलेल्या. मी मुद्दाम शिकवायला गेले तेव्हा एकही टिकली नाही.

प्राजक्त

मी सहसा लिहीत नाही, वाचते. आज लिहिते.

माझ्या मुलाच्या डाव्या पायाला कॅलिपर आहे. तो पाचवीत असताना चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला आला. एका जवळच्या नातेवाइकांनी कौतुकानं, खरंच कौतुकानंच, सगळ्यांसमोर म्हटलं, "स्पर्धा लहान होती ना? वासरांत लंगडी गाय शहाणी." त्यांच्या मनात काही नव्हतं. म्हण जिभेवर होती, निघून गेली. मुलगा घरी येईपर्यंत गप्प होता. घरी आल्यावर विचारलं, "आई, गाय लंगडी नसती तर ती म्हण बनली असती का?"

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, मुका, बहिरा, तोतरा. मोजायला बसलं तर म्हणींमध्ये व्यंग किती भरलेलं आहे ते कळतं. जातींवरून केलेल्या तर मी इथं लिहिणारही नाही. म्हणी जपायच्या म्हणताना हे सगळं एकाच गाठोड्यात येतं. मला वाटतं, ते गाठोडं मुलांच्या हाती देण्याआधी आपण सोडून बघायला हवं.

माणदेशी

प्राजक्त, तुमच्या मुलाचा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे. मी ही म्हण कचेरीत सहज वापरत आलो आहे. यापुढे वापरणार नाही.

शब्दवेडा, तुमच्याकडे दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश असेल तर तुम्हीही पाहिलं असेल. त्यांनी जे लोकांच्या तोंडी होतं ते सगळं नोंदवून ठेवलं, बरं-वाईट दोन्ही. कोशानं तेच करायचं असतं. आईबापांनी मात्र निवड करायलाच हवी.

शब्दवेडा

कोश आहे. आणि निवडीबद्दल सहमत आहे. वाळूच्या तेलाबद्दल अजून माझं मत बदललेलं नाही, पण दुबार पेरणीच्या प्रसंगी मीही कदाचित अर्धीच ओळ म्हटली असती.

पळसफूल

यवतमाळ जिल्ह्यात प्राथमिक शाळेवर शिकवतो. आमच्याकडे पोरांना वस्तू दाखवणं सोपं जातं. "पळसाला पाने तीनच" शिकवायची होती तर फळ्यावर काही लिहिलंच नाही. वर्ग घेऊन बाहेर पडलो. शाळेमागं नाल्याच्या काठानं पळस आहेत. प्रत्येकानं वेगळ्या झाडाची डहाळी आणायची आणि पानं मोजायची. एका देठाला तीन, दुसऱ्यालाही तीन, मोठ्या झाडाला तीन, गुडघ्याएवढ्या रोपालाही तीन. एक मुलगी वीसेक डहाळ्या तपासून आली, चार पानांची शोधत होती. हिरमुसली होऊन म्हणाली, "सर, कुठंच नाही." म्हटलं, बस, म्हण हीच आहे. कुठंही गेलं तरी मूळ गोष्ट तीच.

दुसऱ्या दिवशी तिनं मला सांगितलं की तिची आजी याच पानांच्या पत्रावळी लावते, आणि तीन पानांतलं मधलं मोठं पान वेगळं काढते. हे मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी पोरांना सांगितलं, आता घरी जाऊन आजी-आजोबांना एकेक म्हण विचारा आणि तिच्यातली वस्तू शाळेत आणा. जातं कुणाला आणता येईना, पण रवी आली, शिंकं आलं, सूप आलं. चिपटं आलं, ज्यानं पूर्वी धान्य मापायचे. शेर, पायली हे शब्द त्यांनी पहिल्यांदा धान्य मापून शिकले. १९५८पासून किलोग्रॅम आला तरी ही मापं घराघरांतल्या कोनाड्यात अजून पडून आहेत.

माणदेशी, तुमच्या लेकीची टाकी-नळाची म्हण आमच्या वर्गात सांगू का?

माणदेशी

जरूर सांगा. तिला सांगितलं तर तिला फार आनंद होईल.

या प्रतिसादांनंतर मी एक केलं. दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन गावी गेलो. आड अजून आहे. नळ आल्यापासून कुणी पाणी काढत नाही, वर लोखंडी जाळी टाकलेली. चुलतभावानं आणि मी मिळून जाळी सरकवली. रहाट कुजलाय, म्हणून दोर हातानंच सोडला. यंदा पाऊस बरा झाला होता, पोहरा खाली जाताच 'डुबुक' झालं. लेक म्हणाली, "तो दुसरा आवाज कसा असतो?" म्हटलं, त्याला उन्हाळ्यात यावं लागेल. तिनं स्वतः दोर ओढला, अर्ध्यावर हात दुखले, आजीनं मागून धरलं. पोहरा वर आला तेव्हा निम्मं पाणी सांडलेलं होतं. त्या दोघी पोहऱ्यात वाकून बघत होत्या.

मे महिन्यात पुन्हा जायचं ठरलं आहे. पाढे बारापर्यंत आले आहेत.

भीमाकाठ

वाचून बरं वाटलं. आडात पोहरा पडला की काढायला लोखंडी गळ असायचा, पाच-सहा आकड्यांचा. तुमच्याकडे आहे का अजून? असेल तर एक फोटो टाका, नातवाला दाखवतो.

माणदेशी

आहे. आईनं तो न्हाणीघराच्या दारामागं खिळ्याला अडकवून ठेवलाय, दोन आकडे वाकलेत. उद्या भावाला फोटो काढून पाठवायला सांगतो.